फायबर, डोंगल आणि नावांचा शोध : कोकणातील सर्व्हरवर नेटवर्कमॅनेजर

नेटवर्कमॅनेजर हा लिनक्स संगणकाच्या नेटवर्क जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम लॅपटॉपसाठी आहे, सर्व्हरवर तो नको, असे मत जुन्या लिनक्स प्रशासकांकडून अजूनही ऐकायला मिळते. या मताला एके काळी आधार होता. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू केला तेव्हा त्याचा रोख वायफाय बदलत फिरणाऱ्या संगणकांवर होता, आणि एकाच जागी, एकाच केबलवर, एकाच पत्त्यावर वर्षानुवर्षे चालणाऱ्या सर्व्हरला त्याची गरजही नव्हती. परंतु कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या आस्थापनेतील सर्व्हर एका केबलच्या भरवशावर चालवता येत नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात माडाचे चुडत पडून खांबांवरून आलेली फायबर तुटते, रस्त्याच्या कामात ती खोदाईत सापडते, आणि पाऊस एकदा लागला की दुरुस्तीची माणसे पोहोचायलाही वेळ लागतो. त्यामुळे फायबरच्या जोडीला मोबाइलचा डोंगल ठेवावाच लागतो, आणि या दोहोंमध्ये अदलाबदल होत राहणे हा अपवाद न राहता नित्याचा व्यवहार होतो. अशा ठिकाणी नेटवर्कमॅनेजर सर्व्हरवर कितपत उपयोगी पडतो, हे या परीक्षणात पाहायचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते : जोडण्या सांभाळण्याच्या बाबतीत तो येथे उत्तम आहे, नावांच्या शोधाच्या (नावावरून अंकी पत्ता काढण्याच्या) बाबतीत मात्र त्याच्यावर सगळे सोपवून मोकळे होता येत नाही.

ज्या सर्व्हरच्या अनुभवावरून हे लिहीत आहे, तो देवगड तालुक्यातील एका आंबा प्रक्रिया कारखान्यात आहे. त्यावर रेड हॅटच्या घराण्यातील अल्मालिनक्स ९ चालते. बागायतदारांच्या मालाची आवक, वजनकाट्यावरील नोंदी, डब्यांची लेबले आणि हिशेब हे सारे त्याच्यावर आहे. हंगामात आमरसाच्या डब्यांचा टेम्पो भरून दारात उभा असतो आणि ई-वे बिल निघाल्याशिवाय तो हलत नाही. त्यामुळे इंटरनेट गेले की नुकसान लगेच दिसू लागते. लेखात आज्ञा व फायलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीतच लिहायची आहेत.

रेड हॅटच्या घराण्यातील वितरणे (लिनक्सचे तयार संच) वापरणाऱ्यांपुढे आता फारसा पर्यायही उरलेला नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या २०१९ च्या आवृत्ती ८ मध्ये जुन्या नेटवर्क-स्क्रिप्ट्स कालबाह्य ठरवल्या गेल्या आणि २०२२ च्या आवृत्ती ९ मधून त्या काढून टाकण्यात आल्या. जोडणीची माहिती आता कीफाइल नावाच्या साध्या मजकूर फायलीत राहते. या फायली ईटीसीखालील नेटवर्कमॅनेजरच्या सिस्टम-कनेक्शन्स या फोल्डरमध्ये असतात, त्यांची मालकी रूटकडे, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याकडे, असावी लागते आणि इतर कोणालाही त्या वाचण्याची परवानगी असता कामा नये. परवानगी सैल असेल तर नेटवर्कमॅनेजर ती फाइल सरळ दुर्लक्षितो. दुसऱ्या मशिनवरून फाइल आणून ठेवली आणि जोडणी दिसतच नाही, या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते. फाइल हाताने बदलल्यावर एनएमसीएलआय या नेटवर्कमॅनेजरला आज्ञा देण्याच्या साधनाने कनेक्शन रीलोड ही आज्ञा द्यावी लागते, कारण फायलींवर तो आपणहून नजर ठेवत नाही.

एनएमसीएलआय हे या उत्पादनाचे सर्वांत भक्कम अंग आहे. कनेक्शन मॉडिफाय या आज्ञेने केलेला बदल केवळ प्रोफाइलमध्ये, म्हणजे जोडणीच्या साठवलेल्या माहितीत, लिहिला जातो. चालू जोडणीला तो लागतो तो कनेक्शन अप किंवा डिव्हाइस रीअप्लाय दिल्यावरच. नवख्या माणसाला हा आडवळणाचा प्रकार वाटतो, पण दूरवरून सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठी ती मोठी सोय आहे, कारण पत्ता, गेटवे (बाहेर जाण्याच्या वाटेवरचे यंत्र), डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारे सर्व्हर) असे सगळे बदल आधी लिहून, पुन्हा वाचून, मग एकदाच लागू करता येतात. तरीही चुकीचा गेटवे लागू झाला तर एसएसएच, म्हणजे दूरवरून आज्ञा देण्याची जोडणी, तुटते आणि सर्व्हर कोणीतरी जाऊन पाहीपर्यंत हाताबाहेर जातो. उबुंटू या दुसऱ्या वितरणाकडील नेटप्लॅन या जोडण्यांच्या साधनात यासाठी ट्राय ही आज्ञा आहे. १२० सेकंदांत होकार दिला नाही तर ती आधीची मांडणी परत आणते. नेटवर्कमॅनेजरच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये डिव्हाइस चेकपॉइंट हेच काम करते : आज्ञा चालवायची, मुदतीत खात्री द्यायची, नाही दिली तर बदल मागे घेतला जातो. पुण्या-मुंबईत बसून कोकणातला सर्व्हर पाहणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

एनएमटीयूआय हे पडद्यावरच्या चौकटींचे साधन जागेवरच्या माणसासाठी बरे आहे. कारखान्यातील हिशेबनीस काकांना फोनवरून ‘खाली या, एडिट अ कनेक्शन वर एंटर मारा’ असे सांगता येते आणि तेही न घाबरता पत्ता बदलतात. परंतु मेट्रिक आणि डीएनएस-प्रायॉरिटी या दोन गोष्टी त्यात हाताळता येत नाहीत, आणि दोन जोडण्यांच्या सर्व्हरचा सारा खेळ नेमका या दोन गोष्टींवर आहे.

मेट्रिक म्हणजे मार्गाच्या पसंतीचा आकडा. लहान आकड्याला पहिली पसंती मिळते. नेटवर्कमॅनेजर इथरनेटला १००, वायफायला ६०० आणि मोबाइल मोडेमला ७०० हे आकडे आपोआप देतो, त्यामुळे फायबर आधी आणि मोबाइल नंतर हा क्रम काहीही न करता मिळतो, असे वाटते. प्रत्यक्षात बाजारात मिळणारे पुष्कळसे डोंगल लिनक्सला मोडेम म्हणून दिसतच नाहीत; ते स्वतःच छोटा राउटर असतात आणि सर्व्हरला यूएसबीवरचे इथरनेट कार्ड म्हणून दिसतात. मग त्यांनाही १०० च्या आसपासचा आकडा मिळतो आणि कोणती जोडणी आधी उभी राहिली यावर पसंती ठरू शकते. लाइट जाऊन आल्यावर डोंगल फायबरच्या राउटरच्या आधी तयार होतो आणि दिवसभराचे काम मोजक्या डेटावर चालू राहते. म्हणून डोंगलच्या प्रोफाइलमध्ये आयपीव्ही४ चा रूट-मेट्रिक ७०० असा हातानेच लिहावा. त्याच बैठकीत ते प्रोफाइल डोंगलच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाला) बांधून टाकावे, कारण इंटरफेसचे, म्हणजे लिनक्सला दिसणाऱ्या त्या कार्डाचे, नाव यूएसबी पोर्टवरून ठरत असेल तर डोंगल शेजारच्या पोर्टला लावताच नाव बदलते आणि नावाशी बांधलेले प्रोफाइल लागू होत नाही. आणखी एक खबरदारी म्हणजे राउटर आणि डोंगल हे दोघेही १९२.१६८.१.० हाच पत्त्यांचा पट्टा वापरत नाहीत ना, हे पाहणे. तसे असेल तर दोन्ही बाजूंचे शेजारी सारख्याच पत्त्यांवर येतात, आणि मेट्रिकने ते प्रकरण सुटत नाही. राउटरचा पट्टा बदलूनच ते सोडवावे लागते.

पसंतीचा क्रम लावला तरी खरा प्रश्न पुढेच आहे. फायबर तुटते ती कारखान्यापासून दोन-चार किलोमीटरवर. कारखान्यातला राउटर इन्व्हर्टरवर सुरू असतो, सर्व्हरपासून राउटरपर्यंतची केबल शाबूत असते, पोर्टवरचा हिरवा दिवा लुकलुकत असतो. सर्व्हरच्या दृष्टीने जोडणी उत्तम चाललेली असते आणि सर्व पॅकेट त्या बंद वाटेने जात राहतात. जुन्या स्थिर मांडणीत हे ओळखण्यासाठी स्वतःची स्क्रिप्ट लिहावी लागे. नेटवर्कमॅनेजरमध्ये त्यासाठी कनेक्टिव्हिटीची तपासणी आहे : ठरावीक काळाने एका ठरलेल्या वेब पत्त्याला विचारणा करायची, अपेक्षित उत्तर आले तर जोडणी ‘फुल’, नाही आले तर ‘लिमिटेड’. उत्तर न मिळणाऱ्या जोडणीच्या मेट्रिकमध्ये तो २०,००० ची भर घालतो. म्हणजे १०० चा फायबर २०,१०० वर जातो, ७०० चा डोंगल आपोआप पुढे येतो, आणि फायबर परत आला की भर काढून टाकली जाते. या एका सोयीसाठी मी नेटवर्कमॅनेजरला इतर साधनांच्या वर ठेवते. हंगामात फायबर गेला आणि ई-वे बिल निघत राहिले, तर त्यामागे एवढीच बेरीज-वजाबाकी असते.

मात्र सर्व्हरवर ही तपासणी आपोआप चालू असेल असे धरून चालू नये. कॉन्फिगरेशनच्या कनेक्टिव्हिटी विभागात वेब पत्ता दिलेला असेल तरच ती होते, आणि वेळेचे अंतर न दिल्यास ते ३०० सेकंद धरले जाते. दारात टेम्पो उभा असताना पाच मिनिटे फार होतात. ते अंतर ६० सेकंदांवर आणणे इष्ट, त्याने डेटाही नगण्यच जातो. जोडणी बदलताना आधीपासून उघडी असलेली सत्रे तुटतात, कारण बाहेर जाणारा पत्ताच बदलतो. नवी सत्रे नव्या वाटेने उघडतात. याला नेटवर्कमॅनेजरचा इलाज नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये.

लाइट परत आल्यानंतरचा काळही जपावा लागतो. सर्व्हर अनेकदा राउटरच्या आधी तयार होतो, डीएचसीपीची, म्हणजे राउटरकडून आपोआप पत्ता मिळण्याची, वाट ४५ सेकंद पाहतो, आणि पत्ता मिळाला नाही की प्रयत्न फसला असे मानतो. असे चार प्रयत्न फसले की आपोआप जोडण्याचा नाद तो काही काळ सोडतो. कार्यालयाच्या नेटवर्कवर सर्व्हरचा पत्ता स्थिर ठेवावा हा उत्तम मार्ग. डोंगलच्या बाजूला डीएचसीपी ठेवावेच लागते, तेथे ऑटोकनेक्ट-रिट्राइज शून्य करावे. येथे शून्याचा अर्थ ‘कधीही थांबू नको’ असा आहे.

इथवर नेटवर्कमॅनेजरला भरभरून गुण देता येतात. नावांच्या शोधाकडे वळले की हात आखडता घ्यावा लागतो. दोष सगळा त्याचा नाही. लिनक्सवर नावावरून पत्ता शोधण्याचे काम अनेकांमध्ये वाटलेले आहे आणि कोणाचा हात कुठे आहे हे ठाऊक नसेल तर प्रशासक चुकीच्या फाइलमध्ये दुरुस्त्या करत बसतो. एनएसस्विच.कॉन्फ ही फाइल आधी होस्ट्स फाइल पाहायची की डीएनएसला विचारायचे हा क्रम ठरवते. होस्ट्स फाइल हातची यादी पुरवते. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये डीएनएस सर्व्हरचे पत्ते असतात. अल्मालिनक्स ९ वर ही तिसरी फाइल नेटवर्कमॅनेजर स्वतः लिहितो, म्हणून तिच्यात हाताने केलेला बदल पुढच्या वेळी जोडणी उभी राहताच पुसला जातो. फाइलच्या पहिल्या ओळीत ती नेटवर्कमॅनेजरने तयार केल्याची नोंद असते. ती ओळ वाचावी आणि बदल प्रोफाइलमध्ये करावा. उबुंटूवर याच जागी सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा नावे शोधणारा प्रोग्रॅम असतो आणि फाइलमध्ये १२७.०.०.५३ एवढाच पत्ता दिसतो, तेव्हा एका वितरणावरची पाककृती दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवू नये.

दोन जोडण्या असल्या की दोहोंकडून आलेले डीएनएस सर्व्हर या एकाच यादीत येतात. प्रोग्रॅमना नावे शोधून देणारी जीलिबसी ही लिनक्सची लायब्ररी त्यांतले पहिले तीनच वाचते. राउटरने आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (जुन्या आणि नव्या पद्धतीचे पत्ते) चे मिळून तीन पत्ते दिले असतील तर डोंगलचा पत्ता यादीत चौथा येतो आणि तो कधी विचारातच घेतला जात नाही. यादीचा क्रम डीएनएस-प्रायॉरिटीवर ठरतो. साध्या जोडण्यांना ती १०० असते, आणि दोन्हींची सारखी असेल तर ज्या जोडणीकडे मुख्य मार्ग आहे तिचे सर्व्हर आधी येतात. ही वागणूक योग्य आहे. पण कोणी फायबरच्या प्रोफाइलला लहान आकडा देऊन त्याचे डीएनएस कायमचे वर बसवले, की वाट डोंगलवर गेली तरी पहिली विचारणा फायबरच्या राउटरलाच होते. राउटर जिवंत आहे, पण त्याच्यामागे इंटरनेट नाही. प्रत्येक नावामागे पाच सेकंद वाट पाहून मगच पुढच्या सर्व्हरला विचारले जाते. जीलिबसी स्वतः उत्तरे साठवून ठेवत नाही, त्यामुळे तेच नाव पुन्हा विचारले की पुन्हा तेवढीच खोळंबा. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच की डोंगल ‘स्लो’ आहे. डोंगलची रेंज, सिम, खिडकीतली जागा या सगळ्यांवर संशय घेतला जातो आणि दुखणे मात्र नावांच्या शोधात असते.

यावर मला पटलेली मांडणी अशी : दोन्ही प्रोफाइलमध्ये इग्नोअर-ऑटो-डीएनएस (आपोआप आलेले डीएनएस न वापरणे) चालू करावे, आयपीव्ही६ साठीही ते स्वतंत्रपणे चालू करावे, आणि दोन्हींमध्ये तेच सार्वजनिक डीएनएस सर्व्हर लिहावेत, उदाहरणार्थ १.१.१.१ आणि ९.९.९.९. इंटरनेट सेवा देणाऱ्यांचे स्वतःचे डीएनएस अनेकदा केवळ त्यांच्याच ग्राहकांना उत्तर देतात. सार्वजनिक सर्व्हर कोणत्याही वाटेने गाठता येतात. डीएनएस-ऑप्शन्समध्ये टाइमआउट एक सेकंद केला की एखादा सर्व्हर गप्प राहिला तरी काम फारसे अडत नाही. प्रायॉरिटीचे आकडे आहेत तसेच राहू द्यावेत.

कार्यालयातल्या यंत्रांच्या नावांसाठी मी होस्ट्स फाइललाच पसंती देते. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडण्यापूर्वी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचे सगळे संगणक एकाच सामाईक यादीवर चालत. हजारो यंत्रांना ती रीत पुरी पडेना, पण वजनकाटा, लेबल प्रिंटर आणि दोन-तीन संगणकांच्या कारखान्याला ती आजही पुरेशी आहे. देवगडच्या सर्व्हरवरची एक ओळ अशी आहे : १९२.१६८.४०.५, मग कणगी.इंटर्नल, मग नुसते कणगी. पूर्ण नाव आधी आणि आखूड नाव नंतर हा क्रम पाळावा लागतो, कारण यंत्राचे पूर्ण नाव विचारले असता पहिले नाव उत्तर म्हणून येते. नावात अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालते; अधोरेघ चालत नाही. शेवटी लोकल हा शब्द लावण्याचा मोह टाळावा, कारण २०१३ पासून तो एमडीएनएससाठी, म्हणजे डीएनएस सर्व्हरविना जवळच्या नेटवर्कवर नावे शोधण्याच्या पद्धतीसाठी, राखीव आहे. इंटर्नल हा शब्द खासगी वापरासाठी राखून ठेवण्याचा निर्णय इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०२४ मध्ये घेतला, तेव्हा तोच वापरलेला बरा.

सर्व्हरचे स्वतःचे नाव होस्टनेमसीटीएल या आज्ञेने पक्के करावे. ते दिलेले नसेल तर नेटवर्कमॅनेजर डीएचसीपीकडून किंवा पत्त्याच्या उलट शोधातून मिळालेले नाव तात्पुरते लावतो, आणि दोन जोडण्यांच्या यंत्रावर ते नाव बदलूही शकते. नोंदींच्या फायलींत आज एक नाव आणि उद्या दुसरे, अशी अवस्था कोणत्याही हिशेबाच्या सर्व्हरला परवडणारी नाही.

कार्यालयातल्या इतर संगणकांना मात्र सर्व्हरवरची होस्ट्स फाइल दिसत नाही. त्यांच्यासाठी सर्व्हरवर डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर चालवावा. तो होस्ट्स फाइल आपोआप वाचतो, बाहेरची उत्तरे साठवून ठेवतो आणि राउटरच्या डीएचसीपीत त्याचाच पत्ता डीएनएस म्हणून द्यायचा असतो. नेटवर्कमॅनेजरमध्ये डीएनएसमास्क जोडण्याची अंगभूत सोय आहे, पण ती येथे फसवी ठरते : त्या मार्गाने सुरू झालेला डीएनएसमास्क फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो, त्यामुळे सर्व्हरला स्वतःला लाभ होतो, शेजारच्या संगणकांना होत नाही. दोन्ही एकदम चालवले तर एकाच पोर्टवरून त्यांच्यात झगडा होतो. स्वतंत्र डीएनएसमास्क ठेवायचा असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिगरेशनमध्ये डीएनएस=नन लिहून रिझॉल्व्ह.कॉन्फचा ताबा आपल्याकडे घ्यावा आणि तिच्यात १२७.०.०.१ एवढाच पत्ता ठेवावा. बाहेरच्या सर्व्हरची यादी मग डीएनएसमास्कच्या कॉन्फिगरेशनमध्ये जाते. हा भाग नेटवर्कमॅनेजरच्या दस्तऐवजांत आहे, परंतु इतका विखुरलेला की छोट्या आस्थापनेतील माणसाला तो जुळवून घेणे कठीण जाते. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

तपासताना डिग आणि एनएसलुकअप या नावे शोधून पाहण्याच्या आज्ञांवर विसंबू नये. ते थेट डीएनएस सर्व्हरला विचारतात; होस्ट्स फाइल आणि एनएसस्विचचा क्रम त्यांना ठाऊक नसतो. त्यामुळे पिंगला जे नाव सापडते ते एनएसलुकअपला सापडत नाही आणि नसलेला दोष शोधला जातो. गेटएंट होस्ट्स ही आज्ञा सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमना जे उत्तर मिळेल तेच दाखवते.

डेटा सेंटरमध्ये एका स्थिर पत्त्यावर उभ्या असलेल्या सर्व्हरसाठी यातले बरेचसे अनावश्यक आहे. उबुंटूवर नेटप्लॅन रुळलेला असेल तर तो बदलण्याचेही कारण नाही. पण रत्नागिरीतले शीतगृह असो, मालवणचे लॉज असो की दापोलीची पतसंस्था, जेथे एक वाट केव्हाही बंद होऊ शकते तेथे मी नेटवर्कमॅनेजरची शिफारस निःशंकपणे करते. मांडणी झाली की हंगामापूर्वी एकदा तिची परीक्षा घ्यावी, आणि ती घेताना सर्व्हरची केबल उपटू नये, कारण त्याने केवळ पोर्टचा दिवा विझतो आणि कनेक्टिव्हिटीच्या तपासणीची कसोटी लागत नाही. राउटर चालू ठेवून त्याच्या मागची फायबरची वायर काढावी. दीड-दोन मिनिटांत आयपी रूट या आज्ञेने दाखवलेल्या मार्गांच्या यादीत फायबरपुढे २०,१०० हा आकडा दिसला पाहिजे, गेटएंटने बाहेरच्या नावाचा पत्ता न रेंगाळता दिला पाहिजे, वजनकाट्याच्या संगणकाला कणगी हे नाव सापडले पाहिजे, आणि ई-वे बिलाचे संकेतस्थळ उघडले पाहिजे. मग वायर परत लावावी आणि तो आकडा पुन्हा १०० वर येईपर्यंत थांबावे.